काकूंचा मराठीतला आशीर्वाद

काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हसत हसत म्हणाल्या, "तुमच्या लोकांना पाण्याला हात लावू दिला, तिथेच आमच्या आजोबांचं चुकलं. आता तुम्ही आमच्या पोरांना सांगणार, पाण्यात किती जायचं ते."

आवाज गोड होता. हात मऊ होता.

सकाळचे सव्वासात. सोसायटीचा पूल. काठावर प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर सात-आठ आया, दोन वडील, एक आजोबा. पाण्यात दहा मुलं, पायरीवर एक. सगळे हिंदी बोलणारे. काकू आणि त्यांचा नातू सोडला तर तिथे मराठी कळणारी मी एकटी. काकूंना हे माहीत होतं. म्हणून तर त्या मराठीत बोलल्या.

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं, "आंटी, क्या बोल रही हैं इसको?"

"कुछ नहीं. आशीर्वाद दे रही हूँ. अपनी तरफ़ की बच्ची है ना."

"सो स्वीट," त्या बाई म्हणाल्या.

सगळे हसले.

मीही हसले. आणि म्हणाले, "हो काकू."

काकूंचं वाक्य लिहायला मला एक मिनिट लागलं. मी हसले, हे लिहायला तीन दिवस लागले.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा दिल्लीत एका केंद्रीय मंत्रालयात शिपाई आहेत. आता त्या पदाला लांबलचक इंग्रजी नाव मिळालंय, काम तेच. फायली, चहा, साहेबांची घंटी. आई-बाबा भंडारा जिल्ह्यातले. आम्ही बौद्ध. आधी आम्ही पहाडगंजला एका खोलीत राहायचो. मी तिथल्या मराठी शाळेत शिकले, म्हणून मला हे मराठीत लिहिता येतंय. तरी मध्येच एखादा शब्द अडतो, मग आईला विचारते. आता चिल्ला गावात दोन खोल्या आहेत. गच्चीवर गेलं की मयूर विहारच्या सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या दिसतात.

पोहायला मी दिल्लीत शिकले नाही. आजोळी शिकले. गावाबाहेर तलाव आहे. मामा दिवाळीच्या सुमारास त्यात शिंगाडे काढायच्या कामाला जायचा, आणि उन्हाळ्यात मी गेले की मला पाठीला रिकामा डबा बांधून पाण्यात सोडायचा. तो फार बोलायचा नाही. एकच गोष्ट रोज विचारायचा, "किती जाशीन ते नको सांगू. किती वापस येशीन ते सांग." मी समोरच्या बांधाकडे बोट दाखवलं की तो डबा सोडून घ्यायचा आणि म्हणायचा, "मंग आज पोहणं नाही." मला राग यायचा. त्या तलावात त्याचा एक मित्र गेला होता. चांगला पोहणारा होता. जायचा दम होता त्याच्याकडे, यायचा नव्हता. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

यंदा उन्हाळ्यात आमच्या कॉलेजच्या खेळाच्या मॅडमनी मला या सोसायटीच्या शिबिरात लावून दिलं. मुलांना शिकवणारे मुख्य सर सोनिपतचे. मी त्यांची मदतनीस. सर म्हणाले होते, शिबिर नीट पार पाडलंस तर चिठ्ठी देईन, ती घेऊन जीवरक्षकाच्या ट्रेनिंगला जा, लगेच घेतील. त्या चिठ्ठीसाठी मी रोज पावणेसहाला घरातून निघायचे.

पहिल्याच दिवशी काकू भेटल्या. मी फोनवर आईशी बोलत होते, ते ऐकून त्या लगबगीनं आल्या.

"अगं बाई, मराठी! कुठली गं तू?"

"भंडारा."

"अय्या! आमचे हे नागपूरला होते चार वर्षं. काय संत्री तिथली! आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं.

"अच्छा," काकू म्हणाल्या. मग थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बच्चों का टाइम सात बजे का ही है ना?"

त्या क्षणापासून त्या माझ्याशी हिंदीत बोलू लागल्या. नातवाशी मराठी, माझ्याशी हिंदी. तीन आठवडे. मला वाटायचं, दिल्लीची सवय असेल. मी स्वतःला असं पुष्कळ काही सांगायचे. तीन आठवड्यांनी त्या माझ्याशी पुन्हा मराठीत बोलल्या, ते वर लिहिलेलं वाक्य.

ते त्या का बोलल्या, ते सांगते.

सरांनी मला सहा ते नऊ वर्षांची मुलं दिली होती. मी त्यांना मामासारखंच शिकवायला लागले, फक्त डबा नव्हता. पुलाच्या भिंतीवर ठरावीक अंतरावर निळ्या फरशीच्या पट्ट्या आहेत. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकानं मला सांगायचं, आज किती. म्हणजे कितव्या पट्टीपर्यंत जाऊन परत. परत आल्यावर काठाला हात लावून आपलं पूर्ण नाव आणि फ्लॅटचा नंबर एका दमात म्हणायचा. म्हणता आला, तर उद्या एक पट्टी पुढे. धाप लागली, तर उद्या एक पट्टी मागे. आणि सांगितलं त्याहून पुढे जो जाईल, तो भले मजेत परत येवो, त्यानं दोन दिवस पाण्यात उतरायचं नाही. पायरीवर बसून बाकीच्यांच्या पट्ट्या मोजायच्या.

मुलांना हे आवडलं. सहा वर्षांची एक पोरगी रोज कमरेवर हात ठेवून सांगायची, "दीदी, आज सिर्फ़ मुँह डुबाऊँगी." आम्ही टाळ्या वाजवायचो. एक होता, तो म्हणायचा, "मैं तो समंदर पार!" मग बाकीचे ओरडायचे, "वापस कौन आएगा, तेरा भूत?" जो "आज नहीं" म्हणेल त्यालाही टाळ्या. थकलं की जिथे असू तिथे पाठीवर पडायचं, कान पाण्यात, पोट वर, आभाळ बघायचं. हाक मारता आली नाही तर एक हात वर. मित्र बुडताना दिसला तर उडी मारायची नाही, ट्यूब फेकायची आणि मोठ्यांना बोलवायचं. हे सगळं मी रोज त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचे.

काकूंचा नातू ओजस आठ वर्षांचा. बारीक, शांत. पाठीवर सुरेख तरंगायचा. पण तळ दिसेनासा झाला की त्याचे पाय आखडायचे. तो रोज सांगायचा, "दो." दुसऱ्या पट्टीपर्यंत जायचा, परत यायचा, नाव आणि नंबर घडाघडा म्हणायचा. मी म्हणायचे, उद्या तीन? तो विचार करायचा. खरंच विचार करायचा, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणायचा, "नाही दीदी. अजून दोनच." माझ्या अकरा मुलांत स्वतःला सगळ्यांत नीट ओळखणारा तो होता. मला त्याचा अभिमान वाटायचा.

काकूंना त्याची लाज वाटायची. "सगळी पोरं चारवर, पाचवर. हा आपला दोनवर. तुझे बाबा तुझ्या वयात नदीत पोहायचे रे. घाबरट कुठला." हे त्याला मराठीत. माझ्यासमोर.

त्या लाजेचं एक कारण होतं. या सोसायटीत शिबिराच्या शेवटच्या रविवारी डीप डे असतो. पुलाच्या खोल बाजूला सात फूट पाणी आहे. सगळी मुलं ओळीत उभी राहतात, माइकवर नाव पुकारलं जातं, मूल उडी मारतं, आईवडील व्हिडिओ काढतात, मेडल मिळतं. जे मूल उडी मारत नाही ते फोटोत नसतं. आणि तो फोटो वर्षभर लिफ्टशेजारच्या फलकावर लागलेला असतो. पोहता येतं की नाही, हे कुणी विचारत नाही. सर खाली पाण्यात तरंगत थांबतात आणि पडलेलं मूल उचलून काठावर ठेवतात. इथल्या लोकांना वाटतं, भीती गेली. माझ्या मते, मुलाला फक्त एवढं कळतं की उडी मारली की कुणीतरी उचलतं.

डीप डेच्या आधीच्या आठवड्यात काकू ओजसला रोज काठावर घेऊन समजवायच्या. शनिवारी मी विचारलं, आज किती? ओजसनं आजीकडे पाहिलं. "पाँच."

तीनसुद्धा तो कधी गेला नव्हता. मी थांबवायला हवं होतं. मला वाटलं, तिसरीवरून वळेल. इथे चूक माझी आहे, ती मी कुणाच्या माथी मारत नाही.

तो चौथ्या पट्टीपर्यंत गेला. वळला. परत येताना मधोमध थांबला.

बुडणारं मूल ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो. त्याचं डोकं मागे गेलं, तोंड उघडं, पाण्याच्या रेषेवर. दोन्ही हात पाणी खाली दाबत होते, जणू शिडी चढतोय. मी लांब काठी पुढे केली. त्यानं ती पाहिलीच नाही. मी उडी मारली.

काठावर आणल्यावर तो खोकला, थोडं पाणी काढलं. मी त्याची पाठ चोळत होते. मी म्हणाले, नाव सांग. त्यानं नाव सांगितलं नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दीदी, मी घाबरलो हे आजीला नको सांगू ना."

काकू तेव्हा फोनवर होत्या. त्यांनी फक्त शेवट पाहिला. मी त्यांना जे झालं ते सांगितलं, फक्त त्याची भीती सांगितली नाही. आणि नियमाप्रमाणे ओजसला पायरीवर बसवलं. रविवारी सुट्टी. सोमवारीही तो पायरीवर होता, मोठ्यानं पट्ट्या मोजत. खुशीत होता. तेव्हा काकू उठून माझ्याजवळ आल्या. पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं. ते बूट घालत होते, ऑफिसला निघायची वेळ. ते बराच वेळ लेस बांधत राहिले. मग म्हणाले, "जाऊ दे बेटा. एक आठवडा राहिला. चिठ्ठी घे आणि सुट." बाबा बावीस वर्षं असंच सुटत आले आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्या सुटण्यावर माझी फी भरली गेली.

आई पोळ्या लाटत होती. तिनं विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"हो काकू म्हणाले."

लाटणं थांबलं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "ती मराठीत का बोलली? हिंदी येत नाही तिला?"

"येते."

"मग तिला ठाऊक होतं. हे चार लोकांत बोलायजोगं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं." लाटणं पुन्हा सुरू झालं. "आणि तू हो म्हणालीस."

आई सातवी शिकली आहे. मी राज्यशास्त्र शिकते. पण माझ्या ध्यानात हे आलं नव्हतं. मला वाटत होतं, काकू माझ्यापेक्षा इतक्या वर आहेत की त्यांना कसलीच भीती नाही. भीती होती. त्या भीतीवर त्यांनी आमची भाषा पांघरली होती. ज्या भाषेत मामानं मला वाचवायला शिकवलं, त्याच भाषेत. आणि मला हसायला लावून मलाच पहारेकरी केलं होतं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

शुक्रवारी सरांनी डीप डेची यादी मागितली. मी दहा नावं दिली. सरांनी मोजली.

"ओजस का नाम?"

"वो तैयार नहीं है सर."

"अरे छोरी, एक छलाँग की बात है. मैं नीचे पानी में रहूँगा."

"सर, उस दिन आप नीचे होंगे. बाद में किसी दिन वो अकेला कूदेगा. उसे लगेगा कि आता है."

सरांना हे कळत होतं. ते चांगले शिक्षक आहेत. पण ते म्हणाले, "लेटर चाहिए कि नहीं चाहिए?"

मी नाव घातलं नाही. संध्याकाळी पाहिलं, तर यादीत अकरावं नाव सरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

रविवार. फुगे बांधलेले. माइक. खुर्च्या दुप्पट. मुलं खोल बाजूला ओळीत, शेवटी ओजस, नवी चड्डी, नवा गॉगल. तो वाकून तळ शोधत होता. सर पाण्यात. शिट्टी माझ्या गळ्यात.

एकेक करून दहा मुलांनी उड्या मारल्या. ती मारू शकत होती. मग माइकवर ओजसचं नाव आलं. मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि रोजच्यासारखं विचारलं, "ओजस, आज किती?"

त्यानं गॉगल वर केला. आजीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज नाही.

काकू पुढे आल्या. चेहऱ्यावर तेच हसू, कारण सगळ्यांचे फोन आमच्याकडे होते. आणि त्या मराठीत म्हणाल्या, "उठ इथून. कोट्यातल्या पोरीकडून सर्टिफिकेट घ्यायची वेळ अजून आलेली नाही आमच्यावर."

मी उठले. लांब शिट्टी दिली.

लांब शिट्टीचा अर्थ तिथे प्रत्येकाला माहीत आहे. सगळ्यांनी पाण्याबाहेर. बोलणं बंद. सरसुद्धा सवयीनं शिडीला आले. माइकवाला थांबला.

मी हिंदीत बोलले. माझा आवाज सुरुवातीला फाटला, मग नीट झाला. जे बोलले ते असं होतं :

"आंटी ने अभी मराठी में कहा कि कोटे वाली लड़की से सर्टिफ़िकेट लेने के दिन इनके अभी नहीं आए. पिछले सोमवार यहीं खड़े होकर कहा था कि हमारे लोगों को पानी छूने दिया, यही इनके दादाजी की गलती थी." मग मी 'सो स्वीट' म्हणणाऱ्या बाईंकडे वळले. "आपने पूछा था ना, आंटी क्या बोल रही हैं? ये बोल रही थीं. मैं हँस दी थी. मुझे नहीं हँसना चाहिए था."

त्या बाईंनी काकूंकडे पाहिलं.

काकूंचं हसू गेलं नव्हतं, चेहऱ्यावर नुसतं राहून गेलं होतं. "मैंने ऐसा कुछ नहीं कहा," त्या म्हणाल्या. "मराठी में इसका मतलब अलग होता है."

एक वडील मागून म्हणाले, "ओजस तो समझता है मराठी. उसी से पूछ लो."

सगळे ओजसकडे वळले. आणि त्याचं डोकं मागे गेलेलं मी पाहिलं. तोंड उघडं. आवाज नाही. त्या शनिवारी पाण्यात होतं, तसंच.

"बच्चे से कोई नहीं पूछेगा," मी म्हणाले.

तो माझा एकमेव साक्षीदार होता. त्याच्या एका 'हो'नं काकू तिथल्या तिथे खोट्या पडल्या असत्या. मला ते हवं होतं. अजून हवं आहे. मी त्याला सोडलं, कारण आजी आणि खरं यांच्या मधलं ते पाणी त्याच्या दमाबाहेरचं होतं, आणि तिथून त्याला परत आणायला मी त्याच्या घरात असणार नव्हते. याला कुणी माझा चांगुलपणा म्हणू नये. तो माझा धंदा आहे. काकूंना मी सोडलेलं नाही.

पुढे काय झालं तेही सांगते. एक बाई म्हणाल्या, "छोड़ो ना यार, बच्चों का दिन है." एकजण म्हणाले, "ये बात ग्रुप पर नहीं आनी चाहिए." काकू ओजसला हाताला धरून घेऊन गेल्या. तो उडी न मारता घरी गेला, एवढं मी मिळवलं. सरांनी माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. "तू घर जा," म्हणाले, खाली बघत. मी गेटपर्यंत पोचले तोवर माइक पुन्हा सुरू झाला होता. मेडलं वाटत होते.

चिठ्ठी मिळाली नाही. त्या दिवशी निदान सहा फोनवर व्हिडिओ चालू होते. मी सहाही जणांना मागितला. सहाही जणांकडून डिलीट झाला होता. सहाही जणांकडून.

मग मी पोलीस चौकीत गेले. सोबत आई होती. अर्ज मी आदल्या दिवशीच लिहिला होता : काकूंची दोन्ही वाक्यं मराठीत, प्रत्येकाखाली हिंदी अर्थ, तारीख, वेळ, कोण कुठे बसलं होतं त्याचा नकाशा. तिथल्या साहेबांनी तो दोनदा वाचला. वाईट माणूस नव्हता. खरंच प्रश्न पडला होता त्याला. "बेटा, कानून में लिखा है, लोगों के सामने. जब किसी को समझ ही नहीं आया, तो लोगों के सामने बेइज़्ज़ती हुई कैसे?"

"मुझे समझ आया."

"तू तो ख़ुद पार्टी है."

आईनं विचारलं, "तो क्या, जिस भाषा में गाली दिया, उस भाषा का लोग बुलाके लाऊँ?" आईची हिंदी मोडकी आहे. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, अर्जाची प्रत घेतली, शिक्का मारला. अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागेल की नाही, चौकशीनंतर ठरेल म्हणाले. चौकशी चालू आहे.

मधल्या दिवसांत मी एक गोष्ट मनात पुन्हा पुन्हा पाहिली. ती लपवत नाही. काकू सात फुटांत आहेत. डोकं मागे गेलंय. मी काठावर लांब काठी घेऊन उभी आहे आणि शांतपणे विचारतेय, "काकू, आज किती?" हे मी झोपेत नाही, मेट्रोत, वर्गात, भांडी घासताना पाहिलं. मला त्याची लाज वाटली नाही. खरंच तसं झालं तर मी काठी पुढे करीन, हे मला माहीत आहे. म्हणून तर आणखी संताप होतो. त्यांना वाचवायचं शिक्षण मी घेतलंय, आणि त्यांनी कशाचंच घेतलेलं नाही.

मागच्या आठवड्यात ओजसचे वडील आमच्याकडे आले. चिल्ल्याच्या गल्लीत गाडी शिरत नाही, चालत आले. हातात मिठाईचा डबा. बाबांनी खुर्ची पुसली आणि म्हणाले, "बसा सर." ते बसले. बाबा उभे राहिले. आईनं पाणी आणलं. त्यांनी ते पूर्ण प्यायलं, थेंबही न ठेवता, आणि रिकामा पेला आम्हाला दिसेल असा ठेवला.

"मी स्वतः असलं काही मानत नाही," ते म्हणाले. "आईचं वय अडुसष्ट. बीपी आहे. जुन्या वळणाची बाई. तोंडातून निघून गेलं."

"दोनदा निघालं," मी म्हणाले. "आणि दोन्ही वेळा मराठीतच निघालं."

त्यांनी मिठाईचा डबा पुढे सरकवला. "हे बघ, तू हुशार आहेस. पुढे करिअर आहे तुझं. हे केस-बिस कशाला? ती चिठ्ठी मी उद्या मिळवून देतो. आई माफी मागेल. इथे येऊन, घरात, तुझ्या आईबाबांसमोर. मराठीत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत होतं, घे बेटा. सुट. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं आणि तरी मी त्यांच्याकडे पाहणं थांबवलं.

"माफी नको," मी म्हणाले.

"मग काय हवंय?"

"काकूंनी पुलावर यावं. रविवारी, सगळे असताना. जे मला मराठीत म्हणाल्या, ते दोन्ही वेळचं, शब्दाला शब्द, हिंदीत म्हणावं. न हसता. नुसतं म्हणावं. तेवढं झालं की मी अर्ज मागे घेते."

"हे कसं शक्य आहे?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तिथे राहतो आम्ही. लोक काय म्हणतील?"

"तेच," मी म्हणाले.

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "ओजस तुझी आठवण काढतो." मला ते लागलं. त्यांनी ते लागावं म्हणूनच म्हटलं होतं. मी म्हणाले, त्याला शिकायचं असेल तर तुम्ही स्वतः घेऊन या, मी शिकवीन, पण त्यानं अर्जातली एक ओळ पुसली जाणार नाही. मिठाईचा डबा आईनं त्यांच्या हातात परत दिला.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "बेटा, हे लोक फार दिवस लावतील. वर्षं लावतील."

लावू देत. माझं एकविसावं चालू आहे, काकूंचं अडुसष्टावं. चौकीत मी दर मंगळवारी जाते, बाकावर बसते, चौकशी कुठवर आली ते विचारते, तारीख लिहून घेते. साक्षीला मराठी कळणारं कुणी नाही म्हणतात, म्हणून हे सगळं तुम्हाला कळेल अशा भाषेत लिहून काढलं. आता तुम्हालाही समजलं आहे. काकू पुलाच्या काठावर उभ्या राहून ते हिंदीत म्हणेपर्यंत मी अर्ज मागे घेणार नाही. म्हणायला त्या उरल्या नाहीत, तर अर्ज त्यांच्या नावावर तसाच उघडा राहील.